लाल फडक्यातलं कांड

अष्टमीला दुपारी सीता अग्नीतून बाहेर आली आणि शिंगट्यांच्या घरात दरवर्षीप्रमाणे गूळखोबरं वाटलं गेलं.

वाटी रंगूबाईंच्या हातात होती. सासूबाई गेल्यापासून ती त्यांच्याच हातात होती. घरातल्या थोरल्या पुरुषानं पाडव्यापासून पोथी वाचायची, अष्टमीला अग्निपरीक्षेची शेवटची ओवी झाली की पोथीवर हात ठेवून थांबायचं, बायकांनी हात जोडायचे आणि घरातल्या थोरल्या बाईनं प्रत्येकीच्या तळहातावर गोड ठेवायचं. सीता सुटली म्हणून तोंड गोड. जुनं घर पडून तिथं स्लॅबचं घर आलं, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, नवऱ्याच्या माघारी वाचायला मुलगा बसला, पण बोरजाईवाडीच्या शिंगट्यांचा हा नेम काही हलला नव्हता.

यंदा सुनेपाशी आल्यावर रंगूबाईंचा हात तसाच राहिला. शिवांजलीनं तळहात पुढं केला नव्हता.

"घे की गं."

"नको आत्ती. माझं उद्या हाय. उद्याचं झाल्यावर बघू."

कूलर घरघरत होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. पोथीपुढं बसलेल्या वीरधवलनं बायकोकडं न बघता पानं जुळवायला घेतली. त्याच्या शेजारचे चुलते, कृष्णातअण्णा, उगीचच खाकरले. अण्णांच्या बायकोनं, हरणाबाईंनी, हातावरचं खोबरं तोंडात न टाकता पदराला बांधलं.

रंगूबाईंना राग आला. चार बायकांत असं बोलतात का? एवढं समजावून सांगितलं होतं. दोन मिनिटांचं काम, आणि पोरगी फाशी जाहीर झाल्यासारखी बसलीय.

गोष्ट खरं तर एका जळलेल्या मोटारीची होती.

फाल्गुनात विहिरीवरची मोटार जळली, तेव्हा ऊस पाण्याला आला होता. वीरधवल तिकडं सेलमला, त्याच्या गलाईच्या दुकानात. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणि मोडके दागिने भट्टीत घालून चोख सोनं वेगळं करून द्यायचं, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. घरी यायचा वर्षातून दोनदा. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि पाण्याची पाळी हे सगळं शिवांजलीच्या अंगावर. ठिबकच्या नळ्या विकायला सांगलीकडून येणाऱ्या गोमटेशच्या टेम्पोत तिनं मोटार टाकली आणि स्वतः पुढं बसून सांगलीला गेली. वाइंडिंगला दोन दिवस लागले. दोन्ही रात्री ती गोमटेशच्या आईजवळ, राजमतीकाकूंजवळ झोपली आणि तिसऱ्या दिवशी मोटार घेऊनच परतली. त्याच संध्याकाळी उसाला पाणी लागलं. दोन्ही दिवस सासूला तिचा फोन होता.

गावानं मोटार बघितली नाही, टेम्पो बघितला. तो बोलण्याच्या ओघात सेलमला पोचला, तेव्हा त्याला शिंगं, शेपूट सगळं फुटलं होतं. दुकानात गावाकडचीच चार पोरं कामाला. मालक आत आला की ती गप्प व्हायला लागली.

आणि कृष्णातअण्णांनी तोड काढली. नवमीला सगळे भाऊबंद जमतातच. त्यांच्यापुढं सुनेनं बेलभंडार उचलावा. खंडोबाच्या देवळातला बेल आणि भंडारा ताटात मांडायचा, बाईनं तो दोन्ही हातांत घेऊन 'मी खरी हाय, खोटी असंन तर देव बघून घील' म्हणायचं. झालं. त्यानंतर जो बोलेल तो देवाला खोटं ठरवेल, म्हणून कोणी बोलत नाही. फक्त एक होतं. एकदा मांडलेलं ताट भरलेलं परत न्यायचं नसतं.

रंगूबाईंनी नाही म्हटलं नव्हतं. उलट सकाळी भंडारा त्यांनीच चाळणीनं चाळून ठेवला होता, खडे राहू नयेत म्हणून.

*

म्हशींच्या गोठ्यापाशी नळाला शिवांजली पाइपाचा फिल्टर धूत होती. रंगूबाई दगडावर बसल्या.

"एवढं तोंड पाडून बसायला काय झालं? मला ठावं हाय तू कुठं व्हतीस ते. वीरूलाबी म्या सांगितलंय."

"मग?"

"मग काय मग! लोकांची तोंडं हायती. उचललं की बंद हुत्यात. म्याबी उचलला व्हता."

शिवांजलीचा हात थांबला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासूच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. हरणाबाईंकडून अर्धंमुर्धं कानावर होतं.

"तवा वीरू दोन वरसांचा. तुजं सासरं पलटणीत. मला लिवता येत नव्हतं, शाळंतलं गुरुजी लिवून द्यायचे. आता गुरुजी म्हंजे शिकल्याला मानूस. मी म्हणायची, म्हस इली, वीरूला दात आला. तर ते वर लिवायचे, तुमची लय आठवण येते, चांदणं बघवत न्हाई. ह्यांना वाटलं, एवढं ग्वाड माजी बायकू कवापासनं बोलाय लागली? ह्यो मास्तर कोण?"

शिवांजलीला हसू आलं. रंगूबाईही हसल्या.

"रजा काढून आले. भाऊबंद बसवले. उचलला म्या. एका माणसानं पुन्ना तोंड उघडलं न्हाई."

"आणि मामंजींनी?"

"त्यांनीबी न्हाई. मरस्तवर एका शब्दानं इचारलं न्हाई."

"म्हणजे सगळं नीट झालं."

रंगूबाई 'व्हय' म्हणणार होत्या. शब्द जिभेवर आला होता. पण सून त्यांच्याकडं बघत होती, आणि का कोण जाणे, तो शब्द बाहेर पडायला तयार होईना. त्या म्हशीच्या वैरणीकडं बघत राहिल्या.

"आत्ती," शिवांजली म्हणाली, "मी उचलणार हाय. तुमी सांगताय म्हणून. तुमचा शब्द मी कधी मोडला न्हाई. पण ह्यांनी मला एकदा फोन करून इचारायचं व्हतं, सांगलीला कुठं व्हतीस? मी मोटारीच्या वाइंडिंगच्या तारेपासनं सगळं सांगितलं असतं. इचारलंच न्हाई. थेट ताट मांडायलाच आले. तवा उचलीन, आणि उचलून झालं की दुपारच्या एसटीनं म्हसवडला जाईन."

"म्हायेरला? किती दिवस?"

"दिवस कशाला मोजायचे?" तिनं फिल्टर झटकला. पाणी रंगूबाईंच्या पायावर उडालं. "साक्षीचं कॉलेज कराडला हाय, तिला काय फरक पडत न्हाई. म्हशी हरणाआत्तींना सांगितल्यात. उसाला पाणी कोण द्यायचं ते लोकांना इचारा. लोकांची तोंडं सांभाळायची म्हणताय, तर पाणीबी लोकं देतील की."

*

दिवेलागणीला रंगूबाई देवघरात गेल्या, तर नात साक्षी मांडीवर लाल फडकं घेऊन बसलेली.

"हात लावू नगंस त्याला!"

"आज्जी, कसर लागलीय. कडेची पानं जाळीसारखी झाल्यात. हे कधी उघडलंच नाही का?"

"न्हाई. आन् उघडायचंबी न्हाई."

त्या फडक्याची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. राज्याभिषेक झाला की शिंगट्यांच्या घरातलं वाचन संपायचं. पुढचं कांड, सीतेला रानात नेऊन सोडण्याचं, रंगूबाईंच्या आजेसासूनं पोथीतून वेगळं काढून फडक्यात बांधलं होतं. माझ्या घरात सीतेला कुणी भाईर काढायचं न्हाई, असं म्हणाली होती म्हातारी. सोयरिकी जुळवताना मध्यस्थ हे आवर्जून सांगत. त्या घरात बाईची किंमत हाय, तिथं त्याग वाचत न्हाईत. रंगूबाईंच्या वडिलांनीही तेच ऐकून मुलगी दिली होती.

साक्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. काही विचारायचं असलं की आधी चष्मा काढून ओढणीनं पुसायची. तिनं चष्मा काढला.

"आज्जी, आज सीता परीक्षेत पास झाली ना?"

"झाली की. सगळं देव खाली आलं व्हतं."

"मग या फडक्यात काय आहे?"

"तुला ठावं हाय की. रानात सोडली तिला."

"पास झालेलीला?"

"लोकं बोलली म्हणून..." रंगूबाईंचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे परीक्षा लोकांसाठी घेतली, आणि लोकांनी निकाल मानला नाही. मग ती घेतली कशाला? आम्ही लॅबमध्ये एखादी टेस्ट करतो ती रिपोर्ट मानायचा म्हणून. रिपोर्ट काहीही आला तरी मानायचाच नाही असं असेल, तर सॅम्पल उगीच खर्ची पडतं." ती फडक्यावरून बोट फिरवत होती. "मला एक कळत नाही. आपण त्याग वाचत नाही, त्याचा केवढा अभिमान सांगतो. पण परीक्षा दरवर्षी वाचतो. वर गूळखोबरं वाटतो."

दारात वीरधवल उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"साक्षी, तुज्या आईनं शिकवलं काय हे?"

"नाही पप्पा. आई काहीच बोलत नाही. म्हणून तर मी बोलतेय."

"मी तिच्यावर संशय घेतोय असं वाटतंय तुला? आई, तूबी तेच धरून बसलीस? माजा पुरता इश्वास हाय तिच्यावर." तो चौकटीला टेकला. थकलेला दिसत होता. पाडव्याला सेलमहून आल्यापासून त्याला धड झोप नव्हती. "पण माझ्या दुकानातली पोरं मला बघून गप्प हुत्यात गं. त्यांच्या म्होरं रोज बसायचं मला. म्हणून म्हणतोय, लोकांसाठी एकदा."

"रामानंही लोकांसाठीच केलं होतं," साक्षी म्हणाली.

मुलीला रागवायला वीरधवलला कधी जमलं नव्हतं.

"पप्पा, तुमच्या धंद्यातलं विचारते. चोख झालेलं सोनं पुन्हा भट्टीत घातलं तर?"

"कशाला घालायचं? चोख झालं की झालं." हा विषय निघाला की त्याचा आवाज सैल व्हायचा. "दर भट्टीला थोडी घट येतीच. उगंच कोण घालील?"

"दिसते का ती घट?"

"डोळ्याला न्हाई दिसत. काट्यावर कळती."

बोलून झाल्यावर त्यानं लेकीकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि चप्पल शोधत अंगणात गेला.

रंगूबाईंनी दिवा लावला. हात जोडले, पण डोळ्यांपुढं देव येईनात.

मघाशी गोठ्यापाशी 'व्हय' जिभेवर का अडलं, ते त्यांना आता कळलं होतं. नीट झालं नव्हतं. बेलभंडारानंतर नवरा एका शब्दानं बोलला नाही हे खरं होतं. पण त्यानंतर पेन्शनीत येईपर्यंत त्यानं रजेची तारीख कधी कळवली नाही. अठरा वर्षं. इतर बायकांना पत्र यायचं, अमुक दिवशी पोचतो. रंगूबाईंना नाही. सुभेदार केरबा शिंगटे अलीकडच्या थांब्यावर उतरायचे, उसातनं चालत यायचे आणि मागच्या दारानं घरात शिरायचे. लोक म्हणत, सुभेदाराला बायकोला चकित करायची हौस. रंगूबाईही हसून तेच सांगत. आणि रोज, अठरा वर्षं रोज, दोन भाकऱ्या जास्त थापत. मागचं दार वाजलं की काळजात काहीतरी व्हायचं, ते आनंदाचं नव्हतं. हे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हता. तापानं फणफणल्या तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन विट्याच्या दवाखान्यात गेला होता. पण तारीख मात्र सांगितली नाही.

*

नवमीला सकाळी हॉल भरला. पाहुणे सतरंजीवर, पोरं जिन्यात, बायका स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आत सुंठवड्याचा वास. जन्मकाळाला अजून दोन तास होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी शिवांजलीची पिशवी उभी होती. वर छत्री आणि पाण्याची बाटली.

वीरधवलनं राज्याभिषेक वाचला. आवाज नेहमीसारखा भरदार नव्हता. शेवटची ओवी झाली, पोथीला हळदकुंकू लागलं, आणि कृष्णातअण्णांनी आतून पितळी ताट आणून मधोमध ठेवलं. बेलाची पानं, आणि त्याखाली पिवळाधमक भंडारा.

जिन्यातली पोरं पायरीवरून वाकून बघायला लागली.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "मनात काय आणू नकोस. घरासाठीच हाय हे. ये म्होरं."

शिवांजली उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालत ताटापाशी आली. तिचा चेहरा बघून रंगूबाईंना वाटलं, ही आताच गेलीय. हितं नुसती उभी हाय.

"थांब," त्या म्हणाल्या.

गुडघ्यांवर हात देत त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि लाल फडकं घेऊन आल्या. ते वीरधवलच्या पुढ्यात ठेवलं.

"पोथी संपली न्हाई अजून. वाच."

"आई!"

"वैनी, हे काय?" अण्णा उभे राहिले. "आपल्या घरात ते वाचत न्हाईत. आज्जीचा शब्द हाय."

"व्हय, वाचत न्हाईत. करत्यात मात्र." रंगूबाईंनी गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. साक्षी पुढं झाली, तिनं नखानं सोडवली. "वाचायची लाज वाटती आन् करायची वाटत न्हाई, हे काय मला कळंना झालंय. अग्नीतनं सुटली म्हणून काल सगळ्यांनी गूळ खाल्ला. म्होरं तिचं काय झालं तेबी ऐकून घ्या की. ताट मग हायच."

भाऊबंदांतल्या एकानं मोबाइल खिशात टाकला.

वीरधवलनं बायकोकडं बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. ती ताटापाशीच उभी होती. मग त्यानं पानं उचलली. कसरीनं कडा खाल्लेल्या, अक्षर जुनं, मोडी वळणाचं. अडखळत तो वाचू लागला. नगरात लोक काय बोलले. रामानं काय ऐकलं. रात्रभर कसा येरझारा घालत होता. वाचताना त्याचा आवाज त्याचाच राहिला नाही, बापाचा, आज्याचा, सगळ्यांचा एकत्र झाल्यासारखा जड झाला. मग भावाला बोलावणं. रथ. सीतेनं आनंदानं बांधलेली शिदोरी, कारण तिला वाटतंय आपण रान बघायला चाललोय.

*रथ थांबला नदीकाठी । लक्ष्मण न बोले ओठी ।*
*सीता पुसे, कशासाठी । डोळां पाणी भावोजी ॥*

वीरधवल पुढं बघत होता, पण वाचत नव्हता.

"वाच रं," रंगूबाई म्हणाल्या.

"*आज्ञा वडील भावाची...*" एवढं म्हणून तो थांबला. पान खाली ठेवलं. "न्हाई जमत, आई."

रंगूबाई त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्या दिराकडं बघत होत्या.

"भावजी, तुमाला आठवतंय? त्या दिवशी माज्या म्होरं ताट तुमीच आणलं व्हतं. एकोणीस वरसांचं व्हता तुमी. हात असा कापत व्हता, की भंडारा उंबऱ्यावर सांडला."

कृष्णातअण्णांचा गोरा चेहरा लाल झाला. साठीचा माणूस, पंचायतीत दहा जणांना गप्प करणारा, पण त्यांना तोंड कुठं करावं कळेना.

"दादानं सांगितलं व्हतं, वैनी. म्या काय करणार व्हतो?"

"तुमाला दोस न्हाई देत. तुमाला वाटलं, वैनीनं उचललं, सुटली. मलाबी तसंच वाटलं. एकेचाळीस वरसं वाटत व्हतं. म्हणून तर काल ह्या पोरीसाठी भंडारा चाळला मी, माज्या हातानं." त्या थांबल्या. हे सगळ्यांपुढं बोलायचं म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं होतं, आणि नवऱ्याचं नाव त्यांनी कधी खाली पडू दिलं नव्हतं. "तुमचा दादा वाईट नव्हता. माज्यावर कवा हात उगारला न्हाई, टाकून बोलला न्हाई. पण उचलल्यानंतर त्यानं मला रजेची तारीख कवा सांगितली न्हाई. अठरा वरसं मागच्या दारानं घरात आला. तुमी सगळी म्हणायचा, हौस हाय. हौस नव्हती ती. बघायला यायचा."

दारातल्या बायकांमध्ये कुणाचा तरी हुंदका फुटला. हरणाबाईंचा होता.

"एकदा परीक्षा घेतली की घेणाऱ्याला सवय लागती," रंगूबाई म्हणाल्या. "देणारीचं म्हणाल, तर तिलाबी लागती. मी अजूनबी दोन भाकरी जास्त थापते. इचारा साक्षीला. बस. एवढंच सांगायचं व्हतं."

"पण ताट..." मागून कुणीतरी म्हणालं. "मांडल्यालं ताट तसंच कसं न्यायचं?"

ते खरं होतं. रंगूबाईंनी एवढा विचार केला नव्हता. ताट मधोमध तसंच होतं, भरलेलं, आणि शिवांजली त्याच्यापुढं. क्षणभर वाटलं, सगळं बोलणं वाया गेलं, आता ती वाकेल.

तेवढ्यात हरणाबाई बायकांतून वाट काढत आल्या. नवऱ्याच्या समोरून, त्याच्याकडं न बघता. वाकून त्यांनी ताटातला भंडारा चिमटीत घेतला, आणि हातात द्यायच्याऐवजी शिवांजलीच्या कपाळाला लावला. भांगापासून भुवईपर्यंत. मग उरलेला स्वतःच्या कपाळाला.

"देवाचा हाय," त्या म्हणाल्या. "देवाचा भंडारा लावायचा असतो. म्या तर तेवढंच शिकले."

मग रंगूबाईंनी लावला. सुनेच्या कपाळाला, नातीच्या, स्वतःच्या. मग जिन्यातून, स्वयंपाकघरातून, ओट्यावरून बायका येऊ लागल्या. कुणी ओढणीवाली, कुणी नऊवारी, कडेवर लेकरू असलेली एक. पोरांनीही कपाळं पुढं केली. बांगड्यांचा तेवढा आवाज होता. ताटाचं पितळ दिसायला लागलं. बेलाची पानं उरली, ती साक्षीनं गोळा करून पोथीवर वाहिली.

शेवटी कृष्णातअण्णा आले. ताटात पिवळी धूळ तेवढी राहिली होती. ती त्यांनी बोटानं पुसून घेतली, वहिनीच्या पायाला लावली आणि मग आपल्या कपाळाला. रिकामं ताट उचलून आत घेऊन गेले.

*

जन्मकाळ झाला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटून संपला. पाहुणे पंगतीला बसले. शिवांजली वाढत होती, कपाळ पिवळंधमक, आणि मागच्या दारापाशी पिशवी अजून तशीच होती. रंगूबाईंची नजर सारखी तिकडं जात होती. दुपारच्या एसटीला अर्धा तास राहिला.

विचारावं का? त्यांनी नाही विचारलं. विचारायचा हक्क त्यांचा नव्हता आज.

वीरधवल हात धुवून मागच्या दारी आला. शिवांजली पिशवीशेजारी पायात चपला घालत होती. रंगूबाई आत पातेलं घासत होत्या. मोठ्यानं घासायचं त्यांनी बंद केलं.

"सांगलीला," वीरधवल म्हणाला. मग घसा साफ केला. "मोटारीला काय झालं व्हतं?"

शिवांजलीनं दुसरी चप्पल पायात सरकवली.

"एक फेज गेली व्हती. ती तशीच चालू राहिली. वाइंडिंग सगळं काळं. वास येत व्हता, तुमाला सांगू, मेल्या उंदरासारखा. दुकानदार म्हणला ठेवून जा. म्हटलं, मी हितंच बसते. कुणी बसून ऱ्हायल्याशिवाय तुमी कामाला हात लावत न्हाई."

"दोन दिवस बसलीस?"

"बसले की. राजमतीकाकूंनी डबा दिला."

तो मान हलवत राहिला. बाहेर म्हैस ओरडली.

"मी दिवाळीला येतो," तो म्हणाला. "धनतेरसच्या आदल्या दिवशी. दुपारच्या गाडीनं कराडला उतरंन. तिथनं चार वाजता आपल्या गावच्या स्टँडवर. पुढच्या दारानं घरी."

आत रंगूबाईंच्या हातातून पातेलं सुटलं.

शिवांजलीनं नवऱ्याकडं बघितलं. मग विहिरीकडल्या खांबावरचा लाल दिवा लागला. लाइट आली होती, आठ तासांची पाळी सुरू झाली होती.

"बघू," ती म्हणाली. "पाण्याची पाळी असली तर स्टँडवर यायला जमायचं न्हाई. तुमी चालत या."

तिनं पिशवी उचलली, त्यातली छत्री तेवढी काढून घेतली, पिशवी परत आत सरकवली, आणि उन्हातून मोटार चालू करायला निघाली. वीरधवल तिच्या मागून बांधानं चालू लागला.

रंगूबाईंनी पातेलं उचललं. रात्रीचं पीठ मळायला परात घेतली, सवयीनं दोन मुठी जास्त घेतल्या, आणि मग त्या दोन मुठी परत डब्यात टाकल्या.